सात पट्ट्यांचं कुलूप

४ जानेवारी

प्रिय खारूताई,

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक. दर पत्रात मी असं लिहितो आणि दर वेळी तू हसतेस, हे मला माहीत आहे. पण या वेळी खरंच जाळ. आमच्या कारागिरांच्या मंडळात काय चालतं ते बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, आणि सख्खी बहीण असलीस तरी नियमाप्रमाणे तू बाहेरचीच. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते मंडळाबद्दल नसून माझ्या प्रकृतीबद्दल आहे असं धरून चाल. आठ दिवस मला अन्न गोड लागत नाही.

आमचे गवंडी बंधू गेले. वय झालं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. आता आमच्यात रीत अशी, की मंडळात येताना प्रत्येक बंधूनं आजवर कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट कागदावर लिहायची, पाकिटात घालायची, वर लाख लावायची आणि चिटणिसाच्या हाती द्यायची. ते पाकीट आतल्या खोलीतल्या कपाटात राहतं. बंधू गेला की आम्ही सगळे शेगडीभोवती उभे राहतो आणि त्याचं पाकीट न उघडता जाळतो. माणसाबरोबर त्याचं गुपितही सुटतं.

पाकिटावर नाव नसतं. चिटणीस त्यावर एक खूण काढतो, त्रिकोण, चंद्रकोर, दोन रेघा, असं काहीतरी. कुठली खूण कुणाची हे त्या बंधूलाही ठाऊक नसतं. ते फक्त चिटणिसाच्या डोक्यात असतं, आणि पायउतार होताना त्यानं ते नव्या चिटणिसाच्या कानात सांगायचं. माझ्या आधीचे चिटणीस, बुकबाइंडर बंधू, तुला आठवत असतील. त्यांची आधी वाचा गेली आणि तीन आठवड्यांनी ते गेले. मी रोज त्यांच्या तोंडाला कान लावून बसत होतो. तीन आठवड्यांत त्यांनी एकदा पाणी मागितलं. माझ्या पदरात पडलं ते एवढंच.

तेव्हाच मंडळाला सांगायला हवं होतं. पण चिटणिसाला काय माहीत आहे आणि काय नाही याचा कुणाला वास लागता कामा नये, हा आमचा पहिला नियम. मी नियम पाळला. अकरा वर्षांत चौदा बंधू गेले आणि चौदाही वेळा मी अंदाजानं पाकीट उचललं.

गवंड्यासाठी मी त्रिकोण निवडला. लाख वितळली आणि खाली दोरा दिसला. पाकिटाचं तोंड कुणीतरी काज घालावं तसं शिवून घेतलं होतं. आमच्या शिंपी बंधूनं ते पाहिलं. जाळताना कुणी अवाक्षर काढायचं नसतं, म्हणून तो स्वतःचं गुपित जळताना पाहत तसाच उभा राहिला. कान लाल झाले. बाहेर बोळात आल्यावर मात्र त्यानं माझी कॉलर धरली.

आता बंधू नऊ आणि पाकिटं नऊ. संख्या बरोबर आहे, माणसं चुकीची आहेत. हे तुला सांगतोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची सोय नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझा
दादा

*

११ जानेवारी

प्रिय दादा,

गुडघा बरा आहे. तुझं पत्र जाळलं नाही, पिठाच्या डब्यात ठेवलं आहे. तुझी आजवरची सगळी पत्रं तिथंच आहेत आणि अजून एकालाही कीड लागलेली नाही.

शिंपीबुवांचं वाचून आधी मी हसले आणि मग मला त्यांचं वाईट वाटलं. माणसानं एवढं शिवून ठेवावं आणि तुम्ही ते त्याच्याच डोळ्यांदेखत शेगडीत टाकावं! तुम्ही लोक इतकी वर्षं हात मिळवताना अंगठा कुठं दाबायचा हे जिवापाड जपत आलात आणि जे खरंच जपायचं ते भाजी निवडल्यासारखं अंदाजानं निवडत होतात. रागावू नकोस. मी बाहेरची आहे, बाहेरून असंच दिसतं.

इकडे काम बरं चाललंय. हे गेल्यावर दुकान चालेल का अशी तुला धास्ती होती, पण वेताच्या खुर्च्या बसून बसून फाटतातच. सध्या शाळेच्या मुख्याध्यापकांची आरामखुर्ची विणते आहे. माझी वीण अजून उलट्या तिरक्यानं पडते. डाव्या हाताला किती शिकवणार? ह्यांच्या हातच्या खुर्चीशेजारी माझी ठेवली की कुणालाही कळतं. मुख्याध्यापक म्हणाले, बसणाऱ्याला काय फरक पडतो. शहाणा माणूस.

एक विचारायचं होतं. सहज. सहा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा तू मला मोठं पत्र लिहिलं होतंस, सगळे बंधू शेगडीभोवती कसे उभे होते आणि तुझे डोळे कसे भरून आले होते, वगैरे. तेव्हा तू ह्यांचं म्हणून जे जाळलंस ते ह्यांचंच होतं ना?

वहिनीला नमस्कार.

तुझी
खारू

*

१९ जानेवारी

प्रिय खारूताई,

तू सहज विचारलंस, मी सहज सांगतो. दाजींसाठी मी चंद्रकोर जाळली. वेत वाकतो आणि चंद्रकोरही वाकलेली असते, असा माझा तर्क होता. तो बरोबर असेल किंवा नसेल. डोळे भरून आले होते ते मात्र खरं.

आता इथली हकीकत. नियमाप्रमाणे ज्याचं पाकीट जळलं तो मयत. म्हणजे आमचे शिंपी बंधू नियमानं मयत आहेत. त्यांना आतल्या खोलीत घेता येत नाही आणि घरीही जा म्हणता येत नाही, कारण दर बैठकीला ते सर्वांच्या आधी येऊन बसतात. शेवटी त्यांनी घरून स्टूल आणलं आणि आता ते दाराबाहेर बोळात बसतात. अधूनमधून आतल्या चर्चेत भाग घेतात. मयत माणसाचं मत मोजायचं की नाही यावर दोन बैठका गेल्या.

मी सगळं कबूल केलं. बुकबाइंडर, पाणी, अंदाज, सगळं. अध्यक्ष आमचे लोहार बंधू. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना सगळं पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. बोळातून जाणाऱ्या दूधवाल्यानंही ऐकलं असणार.

सगळीच पाकिटं जाळून टाकावी असं एकानं सुचवलं. पण मग नियमानं आम्ही नऊच्या नऊ मयत, आणि बोळात एवढी स्टुलं मावत नाहीत. तेव्हा ठरलं असं, की उरलेली पाकिटं चिटणिसानं एकट्यानं उघडायची, मजकूर वाचायचा नाही, फक्त अक्षर पाहायचं आणि लगेच घडी घालायची. प्रत्येकाचं अक्षर माझ्या ओळखीचं आहे. हयात माणसाचं असेल तर पुन्हा लाख लावून कपाटात, गेलेल्याचं असेल तर शेगडीत. शुद्ध मार्ग आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी उघडणार.

तुझा
दादा

*

२४ जानेवारी

प्रिय दादा,

असं करू नका.

तू म्हणशील, हिला मंडळाचा एवढा पुळका कधीपासून आला? मला हसायची सवय आहे ती आहेच. पण माणसानं एकदा तुमच्यावर भरवसा ठेवून काही लिहून दिलं, तर ते कुणीही पाहू नये. अक्षरसुद्धा पाहू नये. अक्षर पाहायचं आणि मजकूर वाचायचा नाही हे कसं जमणार, दादा? तू लहानपणी बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र उलट्या बाजूनं वाचायचास. तुझी नजर कागदावर पडली की तो कागद वाचला गेलाच म्हणून समज.

तुमचे नियम, तुमची शेगडी, तुमचं ते अंगठा दाबणं, या सगळ्याला मी आयुष्यभर नावं ठेवली. ती सगळी मागे घेते. गुपित म्हणजे गुपित. जाळा सगळी. मयत तर मयत. तुम्हा सगळ्यांची वयं पाहता फार घाईही होणार नाही.

उत्तर लगेच पाठव.

खारू

*

१ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या तोंडून मंडळाबद्दल आदराचा शब्द ऐकायला मी अडतीस वर्षं थांबलो होतो. मला कळतं, हे दाजींमुळे आहे. जे त्यांनी तुझ्यापासूनही लपवलं ते परक्यानं पाहू नये, असं तुला वाटतं. बायकोचं मन असंच असणार. तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं (नाव न सांगता, ‘एका बंधूच्या विधवेचं’ म्हणून). अध्यक्षांनी रुमाल काढला. बोळातून शिंपी बंधू म्हणाले, बाई लाखमोलाची आहे.

पण ठराव झाला आहे आणि तो माझ्यानं मोडवत नाही. तू निश्चिंत राहा. मी वाचायचा चष्मा काढून बसणार आहे.

मी स्वतः नियमातून वर आलेला माणूस आहे, हे तू जाणतेस. आमच्यात प्रवेशासाठी प्रत्येकानं स्वतःच्या हातानं एक काम करून आणायचं असतं. दुसऱ्याचा हात लागलेला निघाला तर, कितीही वर्षं झालेली असोत, नाव कायमचं कापतात. मी सात पट्ट्यांचं कुलूप नेलं होतं, किल्लीनं आतल्या सातही पट्ट्या नेमक्या उचलल्या तरच उघडावं असं. तीन जाणते बंधू तारा, आकडे, खोट्या किल्ल्या घेऊन तासभर त्याच्याशी झटले आणि शेवटी घाम पुसत उठले. तेच कुलूप आज गुपितांच्या कपाटाला आहे. अडतीस वर्षांत एकदाही अडलं नाही. माणसानं आयुष्यात आणखी काय मिळवायचं?

तेव्हा जिथं माझं कुलूप आहे तिथं तुझ्या नवऱ्याचं गुपित सुरक्षित आहे.

तुझा
दादा

*

६ फेब्रुवारी

(हे पत्र पाठवलं नाही.)

दादा,

ते कुलूप चमच्यानं उघडत होतं.

तुला एवढं लिहायला मला अडतीस वर्षं लागली, आणि आताही पाठवणार नाही. पण कुठंतरी लिहिल्याशिवाय आज हातून दुसरं काम होईलसं वाटत नाही.

ज्या दिवशी तुला ते मंडळात न्यायचं होतं, त्या दिवशी सकाळी तू केस कापायला गेला होतास. कुलूप बाबांच्या बाकावर होतं. मला दुकानात यायची बंदी होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, पण बाबा झोपले होते आणि मी चहाचा कप उचलायला आले होते. कपात चमचा होता. सहज म्हणून त्याचं मागचं टोक किल्लीच्या भोकात घातलं आणि फिरवलं, तर कुलूप उघडलं. मला हसू आलं, मग रडू आलं. दोन वर्षं तू त्यावर घालवली होतीस. सगळ्यांना सांगत सुटला होतास.

मी ते खोललं. तुझ्या सातही पट्ट्यांच्या खाचा ढगळ होत्या. सगळं करायला वेळ नव्हता. बाबांच्या जुन्या करवतीच्या पात्यातून एक पट्टी कापली, बारीक कानशीनं तुझ्या किल्लीबरहुकूम खाच घातली आणि तिसऱ्या जागी बसवली. एक पट्टी नेमकी असली की चमचा तिथं अडतो, एवढं बाबांकडून लहानपणी शिकले होते. तू भांग पाडून आलास तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ‘सगळ्यांच्या मतानं घेतलं’ म्हणून तू संध्याकाळी मला उचलून फिरवलंस, तेव्हा माझ्या बोटाला चिंधी बांधलेली होती. काय झालं म्हणून विचारलंस. विळी लागली म्हणाले.

मग वर्षानं माझं लग्न झालं आणि तूच ह्यांना मंडळात नेलंस. ह्यांना सही सोडून काही लिहिता यायचं नाही. मंडळातून कोरा कागद घेऊन घरी आले आणि म्हणाले, “मी तर सगळं तुला सांगतो. कुणालाच सांगितलं नाही असं माझ्याकडे काय असणार? तुझ्याकडे असलं तर तू लिही.” म्हणून मी लिहिलं. हे सगळं. ह्यांनी ते वाचलं नाही, कुणाकडून वाचूनही घेतलं नाही. माझ्यासमोर घडी घातली, लाख लावली आणि मरेपर्यंत एकदाही विचारलं नाही, काय लिहिलं होतंस.

खरं बंधुमंडळ माझ्या मते ते तेवढंच होतं, दोन माणसांचं.

हे गेल्यावर ते जळलं असं तू लिहिलंस तेव्हा, दादा, मला दुःखातही हायसं वाटलं होतं. आणि आता तू ते उघडणार, माझं अक्षर ओळखणार आणि वाचणार. तुला मी ओळखते. तू खोटं बोलून तिथं राहणार नाहीस. बायको सोडली तर त्या खोलीशिवाय तुला दुसरं जग नाही. पासष्टाव्या वर्षी बोळात दुसरं स्टूल येईल, आणि ते मी आणलेलं असेल.

*

६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

थोडक्यात लिहिते. ह्यांच्या पाकिटात अक्षर माझं आहे. ह्यांना लिहिता येत नव्हतं हे तुला माहीत नव्हतं, कारण ते लपवण्यात ह्यांचा हात तुम्हा सगळ्यांपेक्षा चांगला होता. नियम मोडला असेल तर तो माझ्या नावावर मांड.

माझं अक्षर दिसलं की घडी घाल आणि जाळ. आणि वाचलंसच, तर सगळं वाच, अर्ध्यावर सोडू नकोस. त्यानंतर पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. मी समजेन.

खारू

*

२ मार्च

प्रिय वन्सं,

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा लिहिते आहे म्हणजे काहीतरी झालंय एवढं तुम्ही ओळखालच.

हे तीन आठवडे कुणाशी बोलत नाहीत. त्या रविवारी सकाळी मंडळात गेले ते दुपारी कपाटाचं कुलूप काढून घेऊनच घरी आले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात बसून कानस चालवतात. एकच पट्टी करतात, घालून पाहतात, काढतात, पुन्हा दुसरी करतात. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणतात. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात, मंडळाची बाब आहे.

मला मंडळातलं काहीच माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. दारावर ‘कोण आहे’ म्हटलं की ‘ज्यानं केलं तो’ म्हणायचं, हे आंघोळ करताना पुटपुटतात म्हणून कानावर पडलं, तेवढंच. एप्रन मीच धुते, त्यावर कितव्या वर्षी कितवी दोरी लावायची तेही मला शिवावं लागतं. हात मिळवताना अंगठा मधल्या बोटाच्या पेरावर दाबायचा, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्यावरच करून पाहिलं होतं. शिंप्याची बायको आणि लोहाराची बायको सांगतात ते वेगळं. बाकी आतलं काही मला ठाऊक नाही.

पण पाकिटांचं मात्र खरंच ठाऊक नाही. शिंप्याच्या बायकोलाही नाही, आणि आम्ही कुणी एकमेकींना विचारलंही नाही. प्रत्येकीला वाटतं, आपल्या माणसानं काय लिहिलं असेल ते त्याचं त्याला असू द्यावं.

काल पहिल्यांदा बोलले. जेवताना मला म्हणाले, “खारूनं पहिली कानस हातात घेतली तेव्हा केवढी होती?” मी त्या घरात तेव्हा आलेच नव्हते, मला काय ठाऊक? तुम्हा भावाबहिणींचं काय असेल ते असो, पण त्यांना दोन ओळी लिहा. पोळी ताटात तशीच राहते.

तुमची
वहिनी

*

५ मार्च

प्रिय खारूताई,

हे पत्र जाळू नकोस.

नऊ पाकिटं उघडली. चष्मा काढून बसलो होतो, पण तुझं म्हणणं बरोबर होतं, मला तसंही दिसतं. चार अक्षरं गेलेल्या माणसांची होती, चार हयात असलेल्यांची. एक तुझं. त्याची पहिली ओळ मी वाचली, ते कबूल करतो. ‘दादाला हे कधी कळू नये.’ तिथंच घडी घातली. पुढचं वाचलं नाही, कारण पुढचं मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे.

चिटणीस झालो तेव्हा ते कुलूप तेलपाणी करायला मी पहिल्यांदा खोललं. तिसरी पट्टी काढून उजेडात धरली. तिचं पोलाद वेगळं होतं, करवतीचं. आणि कानशीच्या रेघा उलट्या तिरक्या गेल्या होत्या. आपल्या घरात डाव्या हातानं कानस धरणारं माणूस एकच होतं. मी ती पट्टी पुसली, परत बसवली आणि कुणाला सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याच बैठकीत मी नव्या बंधूला सचोटीवर अर्धा तास भाषण दिलं. तुला गेल्या महिन्यात कुलपाची बढाई मारली तीसुद्धा सगळं माहीत असताना. मला वाटलं, तू आता तरी काही बोलशील. तू बोलली नाहीस, मीही बोललो नाही. आपण एकाच बापाची मुलं.

त्या नवात माझंही पाकीट निघालं. ते मात्र पूर्ण वाचलं. सत्ताविसाव्या वर्षी मी लिहिलं होतं, ‘मला लपवण्यासारखं काही नाही.’ एवढी एक ओळ, आणि खाली झोकात सही. फार लाज वाटली. आता लपवण्यासारखं आहे, तर नियमाप्रमाणे दुसरं पाकीट देता येत नाही.

म्हणून तीन आठवडे स्वतःची पट्टी करत बसलो. वाटलं, आज तरी मला तिसरी पट्टी जमते का पाहू. जमली तर तुझी काढून ठेवीन, मग कुलूप खरंच माझं, आणि कुणाला काही सांगायला नको. सोमवारी ती घातली, कुलूप कपाटाला लावलं. लागलं छान. उघडत नाही. आत नऊ पाकिटं आहेत. त्यांतली चार अजून जाळायची राहिली आहेत, आणि तुझं मी जाळणार नाही. ते ज्यानं लिहिलं त्याला परत मिळायला हवं.

काल बैठकीत मी उभा राहून म्हणालो, हे कुलूप ज्यानं केलं त्याला बोलवावं लागेल. शिंपी बंधू बोळातून म्हणाले, ते तुम्हीच केलंय. मी म्हणालो, अडतीस वर्षं त्यात सातातल्या सहाच माझ्या होत्या. मग सगळं सांगितलं. अध्यक्षांसाठी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. नाव कापायचा ठराव लगेच मांडला गेला. पण ठराव चिटणिसाच्या अक्षरात मूळ नियमांच्या वहीत लिहावा लागतो आणि ती वही कपाटात आहे, तेव्हा कपाट उघडेपर्यंत मी आहे तिथं आहे. फक्त बसायला शिंपी बंधूंशेजारी बसतो. स्टूल घरून नेलं. बरा माणूस आहे तो, आम्ही आजवर कधी बोललोच नव्हतो.

खारूताई, आत बाईमाणसाला घेत नाहीत. पण नियम आहे, की मंडळाच्या वास्तूत ज्याचं काम वापरात असेल किंवा राहिलं असेल त्याला दार बंद नाही. बाई की पुरुष, असं त्यात लिहिलेलं नाही. लिहायचं कुणाला सुचलंच नसावं. आठही जणांना विचारलं, आणि कुणालाही आडवं जाता आलं नाही.

सोबत कापसात गुंडाळून तुझी पट्टी पाठवतो आहे. ये. बारीक कानस आण. माझी आता थरथरते.

त्या दिवशी बोटाला विळी लागली नव्हती ना, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

तुझा
दादा

*

९ मार्च

प्रिय दादा,

पट्टी पोचली. हातात घेऊन बराच वेळ बसले. त्या घाईत एवढी सरळ खाच कशी पडली, मलाच नवल वाटलं.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. माझी कानस आहे, बाबांचीच. वहिनीला सांग, मला दारावर काय म्हणायचं ते ठाऊक आहे. ह्यांनी प्रवेशाच्या दिवशीच घरी येऊन ते म्हणून दाखवलं होतं, अंगठ्यासकट.

तोवर कुलपावर जोर लावू नका, लोहारबुवांना तर त्याच्या जवळही जाऊ देऊ नकोस. तुझी किल्ली ती पट्टी जरा जास्त उचलते आहे, म्हणून अडलंय. आता त्यात सातही पट्ट्या तुझ्या आहेत, दादा. चमच्याचं मागचं टोक घाल आणि हलक्या हातानं फिरव, आत्ता उघडेल. पण उघडू नकोस, आणि चमच्याचं कुणाला सांगूही नकोस. मी येऊन कानस वगैरे काढीन, तासभर घाम पुसत बसेन, मग उघडेन. एवढं एक गुपित त्या खोलीत राहू दे. तुझ्या-माझ्यात राहील.

ह्यांचं पाकीट मी घेऊन जाईन. घरच्या चुलीत टाकीन, आणि तेव्हा मी एकटी असेन. चालेल ना?

आणि आल्यावर माझ्यासाठीही बोळात एक स्टूल ठेव, कपाट उघडलं की मी तुझ्याशेजारी बसेन. दारावर ‘कोण आहे’ असं दुसऱ्या कुणालाही विचारू दे. तू विचारू नकोस.

तुझी
खारू